एका दिवसात कोल्हापूर



शाहूपुरीत आमचं एक छोटं लॉजिंग आहे. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळं पहाटेची गाडी लागली की काउंटरवर माणूस उभा. या काउंटरवर बसून मला चाळीसहून जास्त वर्षं झाली. येणारा पाहुणा कुठल्याही गावचा असो, बॅग खाली ठेवली की तो दोन प्रश्न विचारतो. पहिला, "गरम पाणी किती वाजता येतं?" आणि दुसरा, "एका दिवसात काय काय बघून होईल?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. दुसऱ्याचं उत्तर आमचा बोर्ड द्यायचा. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तो एका पेंटरकडून रंगवून घेतला होता. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, वर 'कोल्हापुरातील प्रेक्षणीय स्थळे' आणि खाली नऊ ओळी: अंबाबाई मंदिर, भवानी मंडप, खासबाग मैदान, रंकाळा, शालिनी पॅलेस, नवा राजवाडा, पंचगंगा घाट, जोतिबा आणि पन्हाळा. प्रत्येक नावापुढं अंतर लिहिलेलं. पाहुण्यानं बोर्ड वाचायचा, रिक्षा करायची आणि संध्याकाळी दमून परत यायचं. तांबडा-पांढरा रस्सा झाला की कोल्हापूर बघून झालं!

आज मी त्या बोर्डाबद्दल बोलणार आहे. म्हणजे त्यावर काय होतं आणि काय नव्हतं, याबद्दल.

जे होतं ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. आमचं गाव राजधानीचं. महाराणी ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर करवीरची गादी उभी केली. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि करवीर या दोन राज्यांच्या हद्दी ठरल्या. पुढं १७८२ च्या सुमारास राजधानी गड उतरून खाली कोल्हापुरात आली आणि १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दीडशेहून जास्त वर्षं ज्या गावात गादी होती, तिथं बघण्यासारखं असणारच.

अंबाबाईचंच घ्या. आमची देवी पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, हवेत धूळ असली की किरणं मध्येच विरतात. आणि अलीकडच्या काळात आणखी एक अडचण आली. रंकाळ्याच्या दिशेनं येणाऱ्या त्या उजेडाच्या वाटेत इमारतींचे कठडे, टाक्या आणि वाढीव मजले यायला लागले. मोजणी झाली, अडथळे शोधले गेले, काही काढलेही. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी उजेडाला दार ठेवलं. पण तो उजेड दारापर्यंत येऊ द्यायचा की नाही, हे वाटेवरची घरं ठरवतात. एखादं स्थळ प्रेक्षणीय राहतं ते शेजारच्यांमुळं.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला. काळा घडीव दगड, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि मनोऱ्यावर घड्याळ. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं तो आखला. आता त्याला एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी आम्ही त्याला 'नवाच' म्हणतो. कोल्हापुरात एकदा नाव पडलं की पडलं!

आणि आमची शाहूपुरी? ती बोर्डावर नव्हती. असायचं कारणही नव्हतं, पाहुणा तिथंच तर उभा होता. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापूरला आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी ही व्यापारी पेठ वसवली, मुख्यतः गुळासाठी. जुन्या गावात गल्ल्या वळत वळत देवळाकडं जातात. शाहूपुरीत मात्र गल्ल्यांना नावाऐवजी नंबर आहेत: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. गुळाच्या ढेपांनी भरलेली गाडी सरळ आत यावी आणि सरळ बाहेर पडावी, असा रोखठोक हिशेब. माझ्या आजोबांनी इथं खानावळ काढली ती गुळाच्या बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. पुढं तिचं लॉजिंग झालं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

१९९१ साल. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मशताब्दी वर्ष. नागपूरकडचे एक गृहस्थ सकाळी उतरले. सत्तरीच्या आसपासचे, पांढरा सदरा, काखेत पिशवी आणि बरोबर कॉलेजात शिकणारी नात. त्यांनी रजिस्टरमध्ये सही केली आणि बोर्ड वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचला. मग मला म्हणाले, "मालक, तुम्ही इथलेच ना जी?"

"इथलाच. जन्म याच गल्लीतला."

"मग एक सांगा. गंगाराम कांबळ्यांचं चहाचं दुकान कुठं होतं?"

श्रोतेहो, मला सांगता आलं नाही. शाळेत शाहू महाराजांवर मी निबंध लिहिलेले. २६ जूनला फोटोला हार घातलेला. आरक्षणाचा हुकूम १९०२ च्या २६ जुलैचा, हे पाठ. पण गंगाराम कांबळे हे नाव मी नुसतं कानावरून गेल्यासारखं ऐकलं होतं. "विचारून सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. तसं ते हसले. म्हणाले, "असू द्या. मला ठाऊक आहे, भाऊसिंगजी रोडला. चला ना बरोबर, थोडं फिरू."

धाकट्या भावाला काउंटरवर बसवून मी निघालो. माझ्याच गावात मी पाहुणा आणि नागपूरचा माणूस वाटाड्या!

आम्ही दसरा चौकात आलो. मी आपला नेहमीच्या सवयीनं सांगायला लागलो, की इथं दसऱ्याला सोनं लुटतात, महाराजांची स्वारी येते. ते म्हणाले, "ते पाहिलं आहे फोटोत. या इमारती दाखवा." कुठल्या इमारती? तर बोर्डिंगं. चौकाच्या आसपासच जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. या रस्त्यानं मी हजार वेळा गेलो असेन, पण त्यांच्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं. नात वहीत लिहून घेत होती आणि आजोबा सांगत होते. खेड्यातल्या पोरानं शिकायचं तर शहरात राहायला जागा हवी, जेवण हवं. महाराजांनी आधी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं. ते जमलं नाही. मग १९०१ पासून एकेका समाजाला हाताशी धरून, जागा देऊन, उत्पन्न लावून देऊन बोर्डिंगं उभी केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन, मुस्लिम, लिंगायत. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. म्हणून तर कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. "राजवाडे सगळ्याच राजधान्यांत असतात जी," ते म्हणाले. "बोर्डिंगांची राजधानी ही एकच."

पुढं टाउन हॉल. हीसुद्धा मँटचीच इमारत, आणि आत वस्तुसंग्रहालय. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा जमिनीतून एक छोटी ब्राँझची मूर्ती निघाली, रोमन समुद्रदेवाची. ती इथं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या सामानातून ती इटलीकडून आमच्या नदीकाठी आली असणार. आणि गंमत बघा, आमचे दुसरे राजाराम महाराज विलायतेहून परतताना १८७० मध्ये इटलीतच, फ्लॉरेन्सला वारले, ऐन विशीत. त्यांची छत्री तिथं नदीकाठच्या बागेत आहे आणि तीही याच मँटनं आखलेली. आमच्या राजधानीचं एक स्मारक असं सातासमुद्रापलीकडं आहे, हे तरी मी त्या पाहुण्यांना सांगू शकलो. त्यांनी नातीला लगेच लिहून घ्यायला लावलं. तेवढीच माझी अब्रू राहिली!

मग भाऊसिंगजी रोड. दुकानं, सायकली, हातगाडे. एका ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, "इथंच कुठंतरी असावं." मी इकडंतिकडं बघितलं. बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण ते चप्पल काढून उभे राहिले.

तिथं उभ्याउभ्या त्यांनी नातीला जी गोष्ट सांगितली, ती मी माझ्या शब्दांत सांगतो. गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा गावाबाहेर होते. परतल्यावर त्यांना हे कळलं. मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केलीच, पण गंगारामांना म्हणाले, की नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा काढ. भांडवल दिलं. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं. आता प्रश्न असा, की त्यांच्या हातचा चहा पिणार कोण? दुकान स्वच्छ, चहा फक्कड, पण गिऱ्हाईक नाही. हे महाराजांना कळलं. मग त्यांची घोडागाडी भर रस्त्यात त्या दुकानापुढं थांबायला लागली. महाराज मोठ्यानं चहा मागवायचे. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. राजानं घेतल्यावर सरदार नाही कसं म्हणणार? पुढं १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करण्याचे हुकूम निघाले. पण हुकूम कागदावर असतो. चहा सगळ्यांना दिसतो. आणि महाराज गेल्यावर त्यांच्या पहिल्या स्मारकासाठी धडपडले ते हेच गंगाराम कांबळे.

गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "माझ्या वडिलांना गावच्या हॉटेलात चहा मिळायचा. पण कप वेगळा. भिंतीला खुंटी होती, तिच्यावर टांगलेला. स्वतः काढायचा, स्वतः धुवायचा, परत टांगायचा. वडील म्हणायचे, कोल्हापूरला एक राजा होता तो आपल्या हातचा चहा प्यायचा. त्यांना यायला मिळालं नाही. म्हणून मी आलो."

मी काही बोललो नाही. कारण मला आमची खानावळ आठवत होती. आबा एकदा सांगून गेले होते, की आजोबांच्या वेळी पान वाढण्याआधी आडनाव विचारायचे. आडनावावरून पान कुठं मांडायचं ते ठरायचं. आत, पडवीत की दारातूनच परत. ज्या राजानं ही पेठ वसवली, त्याच्याच नावाच्या पेठेत! गुळाची गाडी सरळ आत यायची, माणूस मात्र नाही. हे मी आजवर चारचौघांत कधी बोललो नव्हतो. आज बोलतो आहे.

तिथनं आम्ही बिंदू चौकात गेलो. महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे तिथं शेजारी शेजारी आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला ते उभे राहिले. म्हणजे बाबासाहेब हयात असताना. पाहुणे बराच वेळ तिथं बसले. नंतर आम्ही तिघांनी चौकातल्या गाड्यावर चहा घेतला. पैसे मी देत होतो, तर त्यांनी माझा हात धरला. "आजचा चहा माझा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळा बघितला, नातीनं कोल्हापुरी चप्पल घेतली आणि ती दोघं गेली. मी ठरवलं, बोर्डावर दहावी ओळ लिहायची.

लिहिली नाही. आधी आबा म्हणाले, "लोक येतात ते देवीला आणि पन्हाळ्याला. रस्त्यावर नेऊन त्यांना काय दाखवणार?" नंतर आबा राहिले नाहीत, पण मग मीच टाळलं. कुणी आवडीनं विचारलं तर तोंडी सांगायचो. बोर्ड तसाच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत शिरतं. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती तयार होत्या, चतुर्थी तोंडावर आलेली. मातीचं काम ते, पाण्यात उभं राहून माणसं मूर्ती वरच्या मजल्यांवर चढवत होती. आमच्या काउंटरवरून पाणी गेलं. जुनी रजिस्टरं गेली आणि तो बोर्डही गेला. पाणी ओसरल्यावर प्लायवूडचा लगदा हाती आला. मुलानं महिन्याभरात फ्लेक्स छापून आणला. रंगीत फोटो, खाली क्यूआर कोड, पण स्थळं तीच नऊ. मी बघितलं आणि गप्प बसलो.

२०२४ च्या ८ ऑगस्टची रात्र कोल्हापूरकर विसरणार नाहीत. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. संगीतसूर्य केशवरावांची जयंती ९ ऑगस्टला, आणि आदल्याच रात्री हे घडलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण करून घेतलेलं हे पॅलेस थिएटर. शेजारी खासबाग. महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले होते तेव्हा त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागार बघितलं, आणि परत आल्यावर ते मैदान बांधून घेतलं. १९१२ मध्ये ते खुलं झालं. मधला हौदा खोलगट आणि भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या माणसालाही कुस्ती तेवढीच स्पष्ट दिसावी, हा त्यातला विचार. एका अंगाला कुस्ती, एका अंगाला नाटक, मध्ये एक भिंत. असं शेजारपण दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. त्या रात्री मीही गेलो होतो. लोक रस्त्यावर उभे होते. नट होते, तंत्रज्ञ होते, आणि आयुष्यात एकदाच तिथं शाळेच्या गॅदरिंगला नाचलेल्या बायका होत्या. सगळे रडत होते.

लॉजवर परत आलो तर पुण्याचा एक तरुण पाहुणा जागा होता. म्हणाला, "काका, काय जळलं?" मी सांगितलं. तो उठून फ्लेक्सपाशी गेला, बोट फिरवत सगळी नावं वाचली आणि म्हणाला, "पण हे तर तुमच्या यादीत नव्हतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. साधी शंका होती. पण मला रात्रभर झोप लागली नाही. एकशे नऊ वर्षं ते नाट्यगृह उभं होतं आणि त्यातली चाळीस वर्षं मी रोज लोकांना कोल्हापूर दाखवत होतो. जे आपण रोज वापरतो, ते आपल्याला 'स्थळ' वाटतच नाही. देवळाची आणि गडाची आपण यादी करतो. जिथं बसून आपण शहाणे झालो, ती बोर्डिंगं, ती नाटकाची खुर्ची, तो चहाचा गाडा यांची यादी करत नाही. मग त्यातलं एखादं जळतं, तेव्हा कळतं की हीच आपली राजधानी होती. संस्थान विलीन झालं, पण या जागा आपल्याकडं राहिल्या होत्या.

नाट्यगृह पुन्हा जसंच्या तसं उभं करण्याचं काम हाती घेतलं गेलं. दगड-लाकडाचं काय ते जाणकार बघतील. माझ्या हातात बोर्ड होता. आठवड्याभरात मी एक पेंटर शोधला. आता हाताने अक्षरं लिहिणारे फार राहिले नाहीत, पण मिळाला. निळी पाटी, पांढरी अक्षरं. आबांच्या नऊ ओळी तशाच ठेवल्या. त्यांच्याखाली केशवराव भोसले नाट्यगृह. मग दसरा चौकातील बोर्डिंगं. मग टाउन हॉल, मग बिंदू चौक. आणि चौदावी ओळ: गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान, भाऊसिंगजी रोड.

मुलगा म्हणाला, "बाबा, तिथं दुकान कुठं आहे? लोक जाऊन परत येतील आणि आपल्याशी भांडतील."

त्याचंही खरंच आहे. परवाच एक कुटुंब संध्याकाळी परत आलं. त्यातले गृहस्थ काउंटरवर येऊन म्हणाले, "अहो, तुमच्या चौदा नंबरला काहीच नाही. आम्ही दोन चकरा मारल्या."

मी विचारलं, "मग काय केलंत?"

"काय करणार? तिथंच एका टपरीवर चहा घेतला आणि आलो."

मी म्हटलं, "झालं की मग. तेच बघायचं होतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना खुर्ची दिली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. रात्री गरम पाणी सोडायला त्या दिवशी जरा उशीर झाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)